शाकारणीपासून जीर्णोद्धारापर्यंत : घर आणि देऊळ राखण्याच्या परंपरेचा मागोवा

"घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून" ही म्हण मराठी मुलुखात लहानथोरांच्या तोंडी आहे. घर बांधणे किती जिकिरीचे, हे त्या म्हणीत आले आहे. बांधलेले घर वर्षानुवर्षे राखणे हेही तितकेच चिकाटीचे काम होय. परंतु त्यावर अशी म्हण झालेली नाही. बांधकामास मुहूर्त असतो, नारळ फुटतो, वास्तुशांत होते, पंगती उठतात. फुटलेले कौल बदलावयास कोणी मुहूर्त पाहत नाही आणि तुंबलेली पन्हळ साफ करणाऱ्यास कोणी श्रीफळ देत नाही. म्हणूनच की काय, वास्तू बांधणाऱ्यांची नावे शिलालेखांत राहिली आणि ती राखणाऱ्यांची नावे काळाच्या पोटात गेली.

ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार ही कोणत्याही गावाच्या आयुष्यातील मोठी घटना असते. ग्रामस्थ अंगमेहनत देतात, माहेरवाशिणी यथाशक्ति हातभार लावतात, मुंबई-पुण्यास असलेले चाकरमानी पगारातून वर्गणी पाठवितात आणि एके दिवशी नवा कळस उन्हात झळकू लागतो. अशा मंगल प्रसंगी एक प्रश्न मनात येणे साहजिक आहे. जीर्णोद्धाराची पाळी येते ती का? देऊळ एका दिवसात जीर्ण होत नाही. घरही होत नाही. या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात जागोजागी लिहिलेले सापडते. ते उत्तर देवळास जितके लागू आहे, तितकेच प्रत्येकाच्या राहत्या घरास आणि त्याच्या खिशासही लागू आहे.

दानाबरोबर निगेची सोय

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त (उषवदात) याचे लेख कोरलेले आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील हे लेख होत. लेणे कोरून भिक्षुसंघास दिल्यावर ऋषभदत्त तेथेच थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापणांची रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत मागावयाचे नाही, फक्त व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी स्पष्ट अट लेखात आहे. यालाच 'अक्षयनीवि' म्हणत.

हिशोब करून पाहिला तर त्या दात्याची दृष्टी लक्षात येते. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्यास २० आणि वर्षास २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत असे लेखात म्हटले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०. खर्च किती येणार हे आधी ठरवून त्या मानाने ठेव ठेवलेली आहे. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण इतर किरकोळ गरजांसाठी होते. हा सारा व्यवहार नगरसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविला होता. वास्तू उभी करणे हे दानाचे अर्धे अंग आणि तेथील नित्य खर्चाची सोय हे उरलेले अर्धे अंग, अशी समज सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत होती. तेथल्याच तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, सातवाहन राजा पुळुमावीच्या काळात, लेण्याच्या निगेसाठी गावाचे उत्पन्न तोडून दिल्याचा उल्लेख आहे.

पुढे ताम्रपटांत आणि देवळांच्या दानलेखांत एक शब्दप्रयोग वारंवार दिसतो, 'खण्डस्फुटित-जीर्णोद्धार'. खण्ड म्हणजे तुटलेले, स्फुटित म्हणजे तडकलेले. देवाचा नैवेद्य, दिवा, फुले यांच्या बरोबरीने तुटलेले-तडकलेले दुरुस्त करण्याचा खर्चही दान दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नातून व्हावा, अशी ती व्यवस्था. आज जीर्णोद्धार म्हटले की जुने उतरवून नवे बांधणे एवढाच अर्थ मनात येतो. त्या काळच्या लेखकाच्या मनात मात्र तडा दिसताच तो बुजविणे हेही जीर्णोद्धाराचेच काम होते.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर (१७२५–१७९५) यांचे नाव या प्रसंगी घेतल्यावाचून राहवत नाही. काशीविश्वेश्वराचे मंदिर, वेरूळचे घृष्णेश्वर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. त्यांनी आपल्या खासगी उत्पन्नातून अनेक क्षेत्री पूजाअर्चेसाठी वार्षिक नेमणुकाही बांधून दिल्या, हे तितकेच महत्त्वाचे. इमारत एकदाच बांधली जाते; तिला दरसाल कोणीतरी पोसावे लागते.

राजाचे धरण आणि गावचे बलुते

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तलाव व बांध यांच्याविषयी एक बारीक नियम आहे. नवा तलाव वा बांध बांधणाऱ्यास पाच वर्षे करमाफी, मोडका-सोडून दिलेला दुरुस्त करणाऱ्यास चार वर्षे आणि झाडझाडोरा वाढलेला साफ करणाऱ्यास तीन वर्षे. नवनिर्मिती आणि दुरुस्ती यांत फक्त एका वर्षाचे अंतर ठेवले आहे, आणि नुसत्या साफसफाईलाही तीन वर्षांची सूट आहे. राज्यकर्त्याच्या लेखी राखणाऱ्याचा मान बांधणाऱ्याच्या जवळपास होता, याचा हा पुरावाच म्हणावयास हवा.

मोडतोड मोठी झाल्यावर काय होते, हे गिरनारच्या शिलालेखात वाचावयास मिळते. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधलेला सुदर्शन तलाव इ. स. १५० च्या सुमारास भयंकर वादळी पावसात फुटला. ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल असे भगदाड पडले. महाक्षत्रप रुद्रदामनच्या अमात्यांनी एवढे काम होणे नाही असे सांगून हात टेकले आणि प्रजा हवालदिल झाली. अखेर राजाने प्रजेवर जादा कर वा वेठ न लादता स्वतःच्या कोशातून ते काम पुरे करविले. राजा होता म्हणून ते शक्य झाले. सामान्य गृहस्थाच्या घरास भगदाड पडले तर त्याच्यामागे कोणता कोश उभा असतो? कर्ज, दागिना नाहीतर जमिनीचा तुकडा.

खेड्यात ही सोय बलुत्याच्या रूपाने होती. सुतार, लोहार, कुंभार, गुरव आदी बलुतेदारांना सुगीच्या वेळी शेतकऱ्याकडून धान्याचा ठरलेला वाटा मिळे. त्या मोबदल्यात सुताराने वर्षभर नांगर-कुळव नीट ठेवावयाचे, लोहाराने फाळ शेवटावयाचे, गुरवाने देऊळ झाडून दिवाबत्ती करावयाची. दर कामास वेगळा पैसा मोजावा लागत नसल्याने काम लहान असतानाच बलुतेदारास बोलावणे होई. औत मोडून पडेपर्यंत वाट पाहण्यात कोणाचाच फायदा नव्हता. आजच्या भाषेत हा वार्षिक देखभालीचा करारच होय.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. जन्मावरून काम ठरविणारी आणि काही समाजांवर अपमानास्पद कामे लादणारी ती रचना होती. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले; पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. जुने जोखड गेले हे योग्यच झाले. मात्र त्याबरोबर 'मोडण्याआधी पाहणी' ही जी सवय गावात होती तिची जागा दुसऱ्या कोणत्या व्यवस्थेने घेतली नाही, ही उणीव राहून गेली.

मृगाच्या आधीचे दिवस

वैशाख सरत आला की कोकणात घरोघर शाकारणी सुरू होई. नळीची कौले खाली उतरवावयाची, फुटकी वेगळी करावयाची, वासे-रिपा ठोकून पाहावयाच्या, किडलेली रीप बदलावयाची आणि कौले पुन्हा नीट बसवावयाची. वानरे, मांजरे आणि वारा यांनी हललेले एकेक कौल जागेवर आणणे हे या कामाचे मर्म. गवताने वा पेंढ्याने शाकारलेल्या घरांना तर दरवर्षी वा वर्षाआड नवे छप्पर लागे. अंगणे खणून चोपली जात, भिंतींना पावसाच्या बाजूने झडपा बांधल्या जात. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या छपरावर चढावयाचे अशी रीत असल्याने मजुरीही फारशी पडत नसे.

घाटावर आणि मराठवाड्यात माळवदाची घरे. तेथे पावसाआधी धाब्यावर पांढरी माती पसरून दाबीत, पन्हळी मोकळ्या करीत, उंदरांची बिळे बुजवीत. भिंतींना सारवण, जोत्याला चोपण आणि दसरा-दिवाळीस चुन्याची सफेदी ठरलेली. या कामांना सणांची जोड असल्यामुळे ती कोणी चुकवीत नसे. दिवाळीचा चुना केवळ शोभेसाठी असतो असे पुष्कळांना वाटते. ताज्या चुन्याने भिंतीवरील बुरशी व बारीक किडे मरतात आणि भिंतीच्या केसासारख्या भेगाही भरून येतात.

१८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे यंत्रावर कौले तयार करण्याचा कारखाना काढला आणि तेथून निघालेली 'मंगलोरी कौले' पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. ही कौले खाचेत खाच बसणारी असल्याने सहज घसरत नाहीत. दरसाल सबंध छप्पर उतरविण्याचे काम त्यामुळे वाचले. परंतु 'कमी पाहणी' याचा अर्थ लोकांनी 'पाहणीच नको' असा घेतला, आणि तेथेच नुकसानीस आरंभ झाला.

एका कौलाची किंमत काय असते, ते पाहण्यासारखे आहे. वीस फूट रुंद व तीस फूट लांब एवढ्या घरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर एका पावसाळ्यात त्या छपरावर सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर पाणी येते. कोकणात एवढा पाऊस नेहमीचाच. एक कौल फुटले की त्या पाण्याचा थोडासा अंश आत शिरतो. पहिल्या वर्षी वासा भिजतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो कुजू लागतो आणि ओलाव्याच्या मागे वाळवी येते. पुढे वाशाचे टोक जेथे टेकते ते आढे किंवा तुळई मऊ पडते. शेवटी भिंतीच्या माथ्यात पाणी उतरते व भिंत पोट काढते. पहिल्या वर्षी लागले असते एक कौल आणि घरातल्याच माणसाचा अर्धा तास. वासा बदलावयास सुतार लागतो. तुळई बदलावयाची तर अर्धे छप्पर उतरवून टेकू द्यावे लागतात. भिंत पाडून बांधावयाची झाली तर माणसांना दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागते. पाणी तेच, भोकही तेच. पायरीपायरीने खर्च मात्र वाढत जातो. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे, आणि थेंबे थेंबे घर खचे हेही तितकेच खरे.

चुना गेला, सिमेंट आले

जुनी देवळे, वाडे, किल्ले चुन्यात बांधलेले आहेत. भाजलेली चुनखडी भिजवून, वाळू घालून, बैलांच्या घाण्यात दळून हा चुना तयार होई. हेमाडपंती पद्धतीच्या अनेक देवळांत तर दगडावर दगड नुसते सांधून बसविलेले आहेत. या बांधणीचा गुण असा की भिंत श्वास घेते. आत शिरलेली ओल हळूहळू बाहेर पडून सुकते. पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंटचा कारखाना उभा राहिला आणि पुढील काळात सिमेंट खेडोपाडी पोचले. नव्या बांधकामास ते उत्तम. परंतु जुन्या चुन्याच्या दरजांवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटू लागतात आणि दोष झाकला गेल्यामुळे तो उशिरा ध्यानात येतो. काळ्या पाषाणावर दिलेल्या ऑइल पेंटचेही तसेच. खर्च करून हानी ओढवून घेण्याचा हा प्रकार होय. म्हणून जुन्या भागाची दुरुस्ती जुन्याच मालाने करावी, असे जाणकार सांगतात.

सिमेंट-काँक्रीटच्या वास्तूला देखभाल लागत नाही हा दुसरा भ्रम. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. बारीक चिरेतून पाणी आत गेले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि आतून दाब देऊन काँक्रीटचा थर फोडतो. छताचा गिलावा पडला, सळ्या उघड्या पडल्या, असे दृश्य जागोजागी दिसते. त्याची सुरुवात गच्चीवरच्या एका भेगेतून वा तुंबलेल्या नळातून झालेली असते.

किल्लारीचा धडा

नेमाने केलेली डागडुजीही डोळसपणे करावी लागते, हे महाराष्ट्र फार मोठी किंमत देऊन शिकला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि परिसरातील गावे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे दगावली.

नंतर तज्ज्ञांनी पडलेल्या घरांची पाहणी केली. जाड दगडी भिंती दोन बाजूंनी रचून मधे माती-दगडांची भर घातलेली होती. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार जोडदगड नव्हते. वर माळवदाचे छप्पर. गळती थांबावी म्हणून दरसाल त्यावर मातीचा नवा थर पडत आलेला. जुना थर काढण्याची चाल मात्र मोडलेली. पिढ्यान् पिढ्या चढत गेलेली ती माती कित्येक घरांत दीड-दोन फूट जाडीची झाली होती. जमीन हादरताच भिंती फुटल्या आणि ते सारे ओझे माणसांवर आले. ज्यांनी माती घातली त्यांनी घर राखण्याच्याच सद्हेतूने घातली होती. वजनाचा विचार तेवढा राहून गेला.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने पुनर्वसनाचे मोठे काम हाती घेतले. त्यात नवी घरे बांधण्याबरोबरच उभ्या असलेल्या लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीकरणाचाही कार्यक्रम होता. माळवदावरील जादा माती उतरविणे, भिंतींत जोडदगड बसविणे, भिंतींना आडवे पट्टे बांधणे, अशी ती कामे. यांतले कोणतेही काम गवंड्याला अशक्य नव्हते. तेच आधी झाले असते तर, हा विचार आजही मनाला चटका लावून जातो.

मुंबईच्या चाळी

गावच्या देवळास वर्गणी देणाऱ्या अनेक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींत गेल्या. त्या चाळींचा इतिहास हाच धडा वेगळ्या रीतीने शिकवितो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली, तेव्हा भाडेकरूंना आधार देण्यासाठी भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. गिरणी कामगाराला आणि लहान नोकरदाराला डोक्यावरचे छप्पर टिकविता आले, हा त्या कायद्याचा मोठा उपकार. परंतु भाडे जागच्या जागी राहिले आणि चुना, लोखंड, मजुरी यांचे भाव वाढत गेले. मालकास दुरुस्ती परवडेना व त्याची इच्छाही उरली नाही. भाडेकरूस वाटे, इमारत आपली नाही, खर्च आपण का करावा? दोघांच्या मधे इमारत कुजत राहिली. पावसाळ्यात इमारती कोसळण्याच्या दुर्घटना वाढल्या.

अखेर १९६९ साली कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापण्यात आले आणि अशा इमारतींवर उपकर बसविण्यात आला. सुमारे १९,६०० इमारती या योजनेखाली आल्या. १९७७ मध्ये हे मंडळ म्हाडात विलीन झाले. तरीही दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी निघतेच. जे काम जिने आणि गॅलरीचे लाकूड सडू लागले तेव्हा थोडक्यात होणार होते, ते साठल्यावर सरकारी यंत्रणेलाही पुरे पडेनासे झाले. 'हे कोणाचे काम?' या प्रश्नाचे उत्तर ज्या वास्तूत ठरलेले नसते, ती वास्तू कितीही भक्कम असली तरी टिकत नाही. गावाकडची कुलूपबंद घरे पाहिली की हीच गोष्ट आठवते. चार भावांचे सामाईक घर, चौघेही बाहेर. कौल कोणी बदलावे हे ठरत नाही आणि एका पावसात माजघराची भिंत बसते.

शेकडा एक

या अनुभवातून काही शहाणपण नियमांतही उतरले आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान शेकडा ०.७५ इतकी रक्कम दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आणि शेकडा ०.२५ इतकी निक्षेप निधीसाठी गोळा करावी, असे आहे. दोन्ही मिळून शेकडा एक. शिवाय १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावी, असेही सांगितले आहे.

हॉलंड देशात १९७३ साली याच हेतूने एक संस्था निघाली. जुन्या वास्तूचा मालक वर्षाकाठी थोडी वर्गणी भरतो; संस्थेची माणसे गाडीत शिडी व हत्यारे घालून येतात, छपरावर चढून पाहणी करतात, जागच्या जागी होण्याजोगी किरकोळ डागडुजी करतात आणि बाकीच्या कामांचा लेखी अहवाल देतात. आपल्या बलुत्यातला चांगला अंश, जातीचे जोखड वगळून, त्यांनी जणू नव्याने उभा केला.

गावच्या देवळास हाच हिशोब लावून पाहता येतो. समजा एखाद्या देवळाच्या कामास वीस लाख रुपये लागले. शेकडा एक प्रमाणे वर्षास वीस हजार रुपये निगेसाठी हवेत. ठेवीवर दरसाल शेकडा सहा व्याज धरले, तर त्यासाठी सुमारे तीन लाख तेहतीस हजारांची कायम ठेव लागेल; म्हणजे बांधकाम खर्चाचा साधारण सहावा हिस्सा. ऋषभदत्ताने नाशिकच्या लेण्यात जे केले तेच हे. पुढेमागे भाव वाढणार, तेव्हा व्याजाचा काही भाग मुद्दलात मिळवीत राहणे शहाणपणाचे. आणि त्याच्याप्रमाणेच हा हिशोब दरसाल ग्रामसभेत वाचून दाखविला, तर कोणाच्या मनात किंतु राहणार नाही. ज्यांना कळसासाठी देणगी देण्याची संधी मिळाली नाही त्यांनी या ठेवीस हातभार लावावा. ते पुण्य कळसाच्या पुण्याहून उणे नाही.

घराचेही तसेच. महिन्याच्या खर्चातून ठराविक रक्कम बाजूस टाकून ती फक्त घराच्या डागडुजीसाठी वापरणे, हा साधा नेम अनेक कुटुंबांना सावकाराच्या दारापासून दूर ठेवू शकतो. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघाले की विहिरीचा भाव दुप्पट होतो.

वर्षाचे वेळापत्रक

जुन्या रिवाजाला आजच्या माहितीची जोड देऊन वर्षाची कामे अशी लावता येतील. ती घरास आणि देवळास सारखीच लागू आहेत.

चैत्र-वैशाख : छपरावर चढून कौले, कोने, पत्र्यांचे खिळे, गच्चीच्या भेगा पाहाव्यात. पन्हळी, गटारे, देवळाचे गोमुख यांतील पाला-माती काढावी. माळवद असल्यास जुनी माती उतरवूनच नवी घालावी.

ज्येष्ठ : पागोळ्यांचे पाणी जोत्याकडे न येता दूर जाईल असा उतार करावा. विजेच्या तारा वायरमनकडून तपासून घ्याव्यात.

श्रावण : भर पावसात घरभर फिरून जेथे ओल दिसेल तेथे गेरूने खूण करावी. श्रावणात दिसलेली गळती वैशाखात आठवत नाही. खूण मात्र राहते.

आश्विन-कार्तिक : पाऊस उघडताच शिखराच्या व भिंतींच्या सांध्यांत उगवलेली पिंपळ, वड, उंबर यांची रोपे दोन पानांची असतानाच मुळासकट काढावीत. पिंपळ तोडण्यास मन घेत नसेल तर तेच रोप पारावर किंवा माळावर लावावे. देवही राहतो, देऊळही राहते. त्यानंतर चुन्याची सफेदी करावी.

माघ-फाल्गुन : खांब, तुळया, दारे ठोकून पाहावीत; पोकळ आवाज आला तर वाळवी समजावी. लाकडास तेल द्यावे, बिजागऱ्यांस वंगण घालावे.

या साऱ्याची एक वही असावी. कोणत्या सालात काय पाहिले, काय केले, किती खर्च आला, हे तीत तारीखवार लिहावे. देवळाची वही पुजाऱ्यांजवळ वा विश्वस्तांजवळ राहील. घराची वही देवघरातल्या फडताळात राहील. वडिलांच्या हाताची दोन ओळींची नोंद मुलास पुढे हजारोंचा खर्च वाचवू शकते.

नवा कळस चढला त्याच दिवसापासून ऊन, वारा आणि पाऊस त्याच्या कामास लागतात. त्यांना सुट्टी नसते. माणसाने वर्षातून चार दिवस दिले तरी ते पुरे होतात, एवढेच इतिहास सांगतो. पुढची पिढी या देवळात येईल तेव्हा तिला जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा करावी लागू नये; तिने नुसता दिवा लावावा, घंटा वाजवावी आणि गेरूची खूण कोठे दिसते का तेवढे पाहावे. ग्रामदैवत सर्वांस तेवढी जागरूकता देवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.